कापूस ठेवलेलं पान

"कॉमिक्स! कॉमिक्स वाचायचा तो! ग्रंथ कसले डोंबलाचे?"

हे ओरडणं माझं. जिनिंगच्या आवारात भास्करनानाची शोकसभा चालली होती. खुर्च्या कमी पडल्यामुळे अर्धी माणसं कापसाच्या गाठींवर बसलेली, आणि नानाचा साडू, नाशिकचा, बँकेतला, माइक धरून सांगत होता की, "कैलासवासी नानांना सद्ग्रंथांच्या वाचनाची गोडी होती, स्वभाव अत्यंत मृदू, जन्मात त्यांनी कुणाचं मन दुखावलं नाही." जेवढी वाक्यं तेवढ्या थापा. मी स्वतः थापा मारणारा माणूस आहे. चांगली थाप ऐकली तर मी टाळी देतो, पण वाईट थाप ऐकली की माझ्या अंगावर पुरळ उठतं. तेव्हा मी गाठीवर उभा राहिलो आणि ओरडलो. इतका ओरडलो की तिकडे धरणगावच्या बाजारात बैल बुजले म्हणतात. साडूचा माइक शिट्टी मारायला लागला. कुणीतरी माझा सदरा ओढला. पुढच्या ओळीत नानाची बायको, सिंधूवहिनी, बसली होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही...

त्याला आता काही आठवडे झाले. या काळात मला बऱ्याच शहाण्या लोकांनी बाजूला घेऊन समजावलं, की गेलेल्या माणसाबद्दल असं चारचौघांत बोलू नये, पिकल्या केसांचा माणूस पोरांची चित्रांची पुस्तकं वाचायचा हे काय सांगण्यासारखं आहे? आहे. म्हणून तर लिहितोय. ज्यांना मृदू स्वभावाचा आणि सद्ग्रंथांचा नाना हवा असेल त्यांनी साडूकडे जावं.

भास्करनाना कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. शेतकऱ्यानं गाडी लावली की नाना ढिगात हात घालायचा, बोंडातला एक पुंजका उपटायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायचा. तंतू किती लांब येतो, कुठं तुटतो, रंग कसा, कचरा किती, हे बघून एकच शब्द बोलायचा. सुपर. नाहीतर कवडी, म्हणजे डाग पडलेला. नाहीतर फरतड, म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला उरलेला, मेलेला, नावापुरता कापूस. त्या एका शब्दावर भाव ठरायचा, आणि त्यापायी त्याच्यावर रुमणं उगारलेलं मी पाहिलंय. एकदा तर साक्रीकडच्या एका आजोबांनी त्याच्या अंगावर अख्खी बैलगाडी उचलली होती. बैलांसकट. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा. पण नानानं फरतडचा सुपर केला नाही.

आणि माझं दुकान जळगावच्या एसटी स्टँडच्या मागे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, आत आडव्या दोऱ्या, दोऱ्यांना चिमटे आणि चिमट्यांना लटकलेली भाड्याची हिंदी कॉमिक्स. दिल्लीचं पार्सल आलं की वज्रकेतूचा नवा अंक मी सगळ्यांत वर लटकवायचो. वज्रकेतू म्हणजे पोलादी छातीचा, निळ्या लंगोटाचा, डोंगर उपटणारा नायक. त्या वर्षांत खान्देशातल्या निम्म्या पोरांनी आईच्या साडीचा झगा करून घराच्या धाब्यावरून उड्या मारल्या त्या त्याच्यामुळेच. नाना पहिल्यांदा आला तो एसटीला उशीर होता म्हणून. अंक घेतला, बाकावर बसला, वाचला आणि परत देताना मधल्या एका पानात खिशातला कापसाचा पुंजका ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"इथं तुटला."

"काय तुटला?"

"धागा. मागच्या पानावर याचा उजवा हात मोडलाय. इथं उजव्याच हातानं ट्रक उचलतोय."

"अहो, वज्रकेतू आहे तो! उडतोसुद्धा!"

"उडू दे की," नाना म्हणाला. "माणूस उडतो, मान्य. तेवढी थाप मी आल्याबरोबर घेतली. पण हात मोडला म्हणून तुम्हीच सांगितलं, मी नाही. आपली थाप आपण पाळायची."

झालं. तेव्हापासून दर पार्सलला हा माणूस हजर. आधी नुसती चित्रं बघायचा, बोलण्याचे फुगे शेंगांच्या टरफलांनी झाकून. चित्रावरून गोष्ट कळली नाही तर चित्रकार फरतड. मग मला मोठ्यानं नुसते संवाद वाचायला लावायचा, आपण डोळे मिटून. खलनायक गळा दाबता दाबता आपला पूर्ण बेत सांगायला लागला की नाना डोळे न उघडता म्हणायचा, "कचरा." एका अंकात वज्रकेतूच्या केसांचा भांग अर्ध्यातून डावीकडचा उजवीकडे गेला, नानानं पान उन्हाला धरलं आणि चित्रकार बदललाय हे दिल्लीतल्या कुणी सांगायच्या आधी माझ्या टपरीत जाहीर केलं. त्याचे पुंजके ठेवलेले अंक गिऱ्हाइकं मुद्दाम मागायला लागली. पोरं सरळ कापसाचं पान उघडायची आणि भांडायची, की नाना बरोबर का चूक?

आणि नाना चुकायचा! हे साडूला माहीत नाही, मला माहीत आहे. वज्रकेतूची आई आंधळी होते तो अंक आला तेव्हा अख्खं जळगाव रडलं. माझ्या टपरीपासून स्टँडपर्यंत इतका चिखल झाला की शिंदखेड्याची गाडी रुतली. नानानं पुंजका ठेवला आणि म्हणाला, "कवडी. रडू वरून लावलंय, डागासारखं." मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो: नाना, तुझी छाती दगडाची होती. तो अंक सुपर होता. मेलास म्हणून तू बरोबर ठरत नाहीस.

पण सुपर त्यानं कुठल्याच अंकाला दिला नाही. आणि मला तो हवा होता. इतरांसाठी नाही, माझ्यासाठी.

कारण मी स्वतः कॉमिक्स काढलं. चित्रं सुपडू पेंटरची. सुपडू धुळ्याचा, दुकानांचे बोर्ड आणि निवडणुकीच्या भिंती रंगवणारा, आणि छापखानाही धुळ्याचाच. नायक अस्सल आपला: वैशाख्या. जळगावचा मे महिना अंगात साठवून ठेवणारा माणूस. त्यानं फुंकर मारली की लोखंड वितळतं, तो चालला की डांबर उकळतं, आणि तो ज्याला हात लावील त्याला फोड येतो, अगदी सख्ख्या आईलासुद्धा. अंक निघाल्यावर काय खळबळ उडाली सांगू! शिंदखेड्याच्या एका लग्नात तो आहेर म्हणून दिला गेला. तापीच्या पुलावर वाचणाऱ्यांची गर्दी होऊन वाहतूक थांबली. मी एक प्रत नानाला दिली आणि टपरीच्या दाराशी छाती काढून उभा राहिलो.

नानानं जी प्रत परत केली तिची उशी झाली होती. पानोपानी कापूस. अंक मिटेचना.

"बठ्ठासना हात मांगे काबर शेतस रे?" नाना विचारत होता, सगळ्यांचे हात मागे का म्हणून. चिडला किंवा रमला की तो घरच्या बोलीवर यायचा. "बठ्ठा कैदी शेतस का?"

आता सुपडूला हात काढता येत नसत. निवडणुकीच्या भिंतीवर नेत्यांचे नमस्कार करणारे हात तो छापा ठेवून काढायचा. त्यामुळे आमच्या अंकात प्रत्येक पात्र हात पाठीमागे बांधून, नाहीतर खिशात घालून, नाहीतर घागरीमागे लपवून उभं. वैशाख्यानं ठोसा मारला की धुराचा लोट.

"आणि याला झगा कशाला?" नाना पुढे म्हणाला. "जळगावना मे महिनामा झगा घालीसन फिरस, याले घाम का येत नही?"

"तो घाम आत साठवतो!" मी म्हणालो. ऐनवेळी सुचलं.

"मग तसं लिहायचं होतं." अंक माझ्या हातात कोंबून तो म्हणाला, "फरतड. तुझ्या तोंडच्या थापा यापेक्षा लांब तंतूच्या असतात." मग जाता जाता थांबला. "एका पानात कापूस नाहीये. बघ."

मी बघितलं नाही. मी नानाला टपरीत यायला बंदी घातली. काही उपयोग झाला नाही. तो समोरच्या पिंपळाखाली उभा राहून लटकलेल्या अंकांच्या मुखपृष्ठांवरूनच मोठमोठ्यानं निकाल द्यायला लागला, आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठ करून त्याचं ऐकायला लागली. शेवटी एका दुपारी ती उशी उघडली. कापूस नसलेलं पान सापडलं. त्यात वैशाख्या जेवायला बसलाय आणि आई त्याला भाकरी देतेय, चिमट्यानं. हाताला हात लागू नये म्हणून. संवाद एकही नव्हता. खरं तर मी लिहायला विसरलो होतो. पिंपळाखाली जाऊन मी नानाला म्हणालो, "ये आत, ऊन लागेल." तो म्हणाला, "मला नाही लागत, मी आत साठवतो..."

दुसऱ्या अंकाला वेळ लागला. सुपडूला मी केंद्रावर नेऊन नानासमोर बसवलं, हात शिकायला. नाना पुंजके ओढत राहायचा आणि सुपडू काढत राहायचा. "अंगठा चपटा काढ," नाना दटावायचा. "गोल कुणाचा काढलास? तो तुझ्या नेत्यांचा." आयुष्यभर कापूस ओढून त्याचे अंगठे खरंच चमच्यासारखे झाले होते. दुसऱ्या अंकात वैशाख्याला हात आहेत, आणि ते नानाचे आहेत. झगाही काढून टाकला, खांद्यावर उपरणं दिलं. तेवढ्यात नानाचा खोकला वाढला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, "छातीत गाठ बांधतोय कापसाची," म्हणून तोच हसवायचा. मग जिना चढेना. मग केंद्र सुटलं. मी मात्र लिहीत होतो. त्या दिवसांत मी एक पान लिहिलं: जिनिंगमधला एक म्हातारा खाटेवर पडलाय, छाती भरलीय, श्वास पुरत नाही. वैशाख्या येतो, त्याच्या छातीवर तळहात ठेवतो. ऊब आत जाते. म्हातारा उठून बसतो आणि चहा मागतो.

अंक छापून आला तसा शाई ओली असतानाच मी नानाच्या घरी नेला. खाट खिडकीशी ओढली होती. त्यानं मुखपृष्ठावरचा हात बराच वेळ पाहिला, मग आपला पाहिला. "अंगठा जमलाय," म्हणाला. उघडला मात्र नाही. लिहिणाऱ्यासमोर वाचायचा नाही तो कधी, आणि एकदा वाचलेला अंक पुन्हा हातात धरायचा नाही. ओढलेला पुंजका परत ओढून काय कळणार, म्हणायचा. "ठेव," म्हणाला. आणि वहिनीला हाक मारली, "उशीतला थोडा कापूस काढून दे ओ." मी हसलो. "नाना, या वेळी उशी रिकामी होणार नाही." तो म्हणाला, "बघू." ही आमची शेवटची भेट. त्याच आठवड्यात निरोप आला.

शोकसभेत मी जो ओरडलो तो हाच सगळा साठलेला उन्हाळा असेल. पण खरं सांगायचं तर मला आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती मागायची मला लाज नाही. निकाल. परवा हिंमत करून नानाच्या घरी गेलो. खिडकीशी खाट तशीच, गादी गुंडाळलेली. वहिनी ओट्यावर बाजरी पाखडत होती. तिनं मला पाहिलं, आत गेली आणि अंक आणून माझ्या पुढ्यात ठेवला. साडू सगळी कॉमिक्स रद्दीत घालायला निघाला होता म्हणे. हिनं एकालाही हात लावू दिला नाही.

अंक सहज मिटला होता. उशी नव्हती. पानं उलटत गेलो... कापूस नाही. झटापटीचं पान, कापूस नाही. खलनायक बोलतो ते पान, कापूस नाही! आणि मग एका पानावर, एकच, छोटासा, नीट ओढून सरळ केलेला पुंजका. म्हाताऱ्याचं पान. वैशाख्याचा तळहात त्याच्या छातीवर, आणि फोड कुठंच नाही.

मला त्याचा आवाज ऐकू आला. ज्याला हात लावील त्याला फोड येतो, हे तुम्हीच सांगितलं, मी नाही. ऐकून घे नाना: मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं. तरी लिहिलं. दुसरी आवृत्ती निघेल, दहावी निघेल, त्या पानावरची एक रेघही मी बदलणार नाही. आईनं भाकरी चिमट्यानं द्यावी, पण तो म्हातारा उठून बसणार, आणि चहा मागणार. धागा तुटू दे.

पुढची सगळी पानं कोरडी होती, कापूस नाही. तेव्हा मला एक वाट दिसली, आणि थापाड्या माणूस वाट सोडत नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "तो इथवर वाचून थकला असेल, नाही का? खूण म्हणून ठेवला असेल कापूस. पुढचं वाचायचं राहूनच गेलं बिचाऱ्याचं."

वहिनीनं सूप आपटून कोंडा उडवला.

"दोन येळा वाचं त्यास्नी," ती म्हणाली. "बठ्ठं. दोन्ही येळा कापूस तठेच ठेवेल व्हता."