स्लॅब आधी की लेन्स आधी

आमच्या घरात किस्से आठवावे लागत नाहीत. खोकी काढली की निघतात. माळ्यावर हात घाला, पलंगाखाली घाला, देवघराच्या मागे घाला, एक रिकामं खोकं हाताला लागणारच. कॅमेऱ्याचं, लेन्सचं, लाइटचं, नाहीतर ज्याचं नाव मला अजून कळलं नाही अशा कशाचं तरी. खोकं फेकायचं नाही. का? तर वस्तू पुढे विकताना खोकं लागतं. विकलं काय आजवर? काहीच नाही!

नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये म्हणतात. मी घेते. इतकी खोकी डोक्यावरून माळ्यावर चढवल्यावर तेवढा हक्क झाला माझा. तर आमचा हिलाल. खान्देशातून सुरतला आला तेव्हा कापडाच्या लूमवर होता. मग एक जुना कॅमेरा घेतला, गोडादऱ्यात लग्नाचे फोटो काढायला लागला. फोटो चांगले काढतो, खोटं का बोलू. त्याच्याबरोबर पलीकडच्या गल्लीतला सुकलाल. एकाच गावचे, एकाच लूमवरचे. हिलाल फोटो काढतो, सुकलाल व्हिडिओ. एकाने काही घेतलं की दुसऱ्याला ताप चढतो.

आणि मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. वर पत्रा. सुरतचा उन्हाळा आणि पत्रा, ज्याने भोगलं त्यालाच माहीत. दुपारी टिकली चिकटवायच्या आधी घामच साडीवर पडतो. सगळ्या गल्लीत स्लॅब झाले, आमचाच राहिला. दरवर्षी ठरतं, यंदा स्लॅब टाकायचा. आणि दरवर्षी त्या स्लॅबची लेन्स होते. कशी होते ते मला अजून समजलेलं नाही.

*

पहिली मोठी लेन्स आली तेव्हाची गोष्ट. मी विचारलं, "जुनीने फोटो निघत नव्हते का?"

"निघत होते. पण हिने मागचं सगळं धूसर होतं."

मी पुन्हा विचारलं, "म्हणजे जुनीने सगळं साफ दिसत होतं, आणि हिने दिसत नाही?"

"हां!" एवढा खूश होऊन म्हणाला, जसं मला पटलंच.

मी म्हटलं, "मग चष्मा काढून बघत जा. फुकटात होतं."

पुढच्याच लग्नात नवरी एकदम सिनेमातल्यासारखी आली. डोळ्याची पापणी न् पापणी दिसत होती. मागे तिचे मामा उभे. आमच्याकडे लग्नात मामाचा मान केवढा! नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. हा मामा जळगावहून नवा फेटा बांधून आलेला. फोटोत काय? एक भगवा ढग!

अल्बम बघून मामा थेट आमच्या दारात. "भाऊ, भाची मन्ही, फेटा मन्हा, आन् फोटोमा मी कोठे शे?"

हिलाल त्याला समजवायला लागला की मामा, ही कला आहे.

मामा म्हणाला, "कला तुन्हा घर ठेव. माले तोंड पाहिजे!"

शेवटी फेटा पुन्हा बांधला, नवरीला सासरहून बोलावलं, आणि आमच्या दारासमोर फोटो परत काढला. जुन्या लेन्सने.

*

मग दुसरा कॅमेरा आला. त्याचं नाव बॅकअप. पहिला ऐन लग्नात बंद पडला तर काय करायचं, म्हणून दुसरा. बरं, हे मला पटलं. लग्न काही पुन्हा लागत नाही.

वर्षभराने तिसरा आला.

"हा कशाला?"

"दुसरा आता पहिला झाला. म्हणून त्याला बॅकअप."

"आणि पहिला?"

"तो जुना झाला."

"बंद पडला?"

"छे! एकदम ठणठणीत आहे."

सुकलाल चहा पीत बसला होता. मी त्यालाच विचारलं, "सुकलालभाऊ, तुम्ही सांगा. ऐन वेळी बंद पडायला नको म्हणून ठणठणीत चालणाऱ्यालाही जोडीला दुसरा ठेवायचा, असंच ना?"

"हो वहिनी, धंद्याचा नियमच आहे."

"मग तुमच्या दोस्ताच्या जोडीला मी कोण ठेवू?"

सुकलालचा चहा नाकातून आला. हिलाल दोन दिवस घरी वेळेवर जेवायला येत होता.

*

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. लूमवाले लूमला हार घालतात, रिक्षावाले रिक्षाला. हिलालने सगळं सामान पाटावर मांडलं आणि झेंडूची फुलं आणायला गेला. मी हळदकुंकू घेऊन बसले. आता रिक्षाला पुढे काच असते, सायकलला हँडल असतं. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं? मला जे समोर गोल चकचकीत दिसलं, तिथे लावलं. चांगलं ठसठशीत बोट भरून.

हा फुलं वाहून, आरती करून, तसाच कॅमेरा उचलून पांडेसऱ्याला साखरपुड्याला पळाला. उशीर झाला होता. संध्याकाळी घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि डोकं धरून बसला. सगळ्या फोटोंवर गुलाबी धुकं!

मग लेन्सकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कमल! अगं काचेवर कोणी कुंकू लावतं का?"

"मग कुठे लावायचं ते सांगून जायचं ना! पट्ट्याला लावू?"

फोटो तसेच पाठवले. आता ते लोक पैसे परत मागतील म्हणून घरात सुतक. तिसऱ्या दिवशी मुलीच्या बापाचा फोन आला. हिलालने देवाचं नाव घेऊन उचलला. तिकडून बाप म्हणतो, "भाऊ, फोटोत पोरीच्या तोंडावर काय तेज आलंय! कसं केलं?"

हिलाल म्हणाला, "स्पेशल फिल्टर आहे. बाहेरून मागवला."

मला राग आला, पण हसूही आलं. तुळशीचं लग्न झालं आणि त्याच घरातलं लग्न आलं. सकाळी हा दाराशी घुटमळत होता. बूट घातले, पिशवी अडकवली, तरी जाईना.

"काय राहिलं?"

"कमल, जरा कुंकू दे ना."

*

मी ओरडायला लागल्यापासून नवी वस्तू घरात सरळ येत नाही. लपून येते. एकदा मी गव्हाची कोठी रिकामी करून गहू चक्कीवर पाठवले. थोड्या वेळाने चक्कीवाल्या काकांचा फोन. ते युपीचे, हिंदी बोलतात.

"भाभी, गेहूं में से कुछ निकला है।"

मला वाटलं खडे असतील. "निकाल दो, काका।"

"पत्थर नहीं है। काला है, गोल है, आगे कांच लगा है।"

मी हिलालकडे बघितलं. तो एकदम चपला शोधायला लागला.

काका तिकडून विचारतात, "क्या करना है भाभी? मोटा पीसूं या बारीक?"

मी म्हटलं, "बारीक!"

हिलाल एक पाय चपलेत, एक पाय उघडा, असा गल्लीतून पळाला की कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

*

सुकलालने हप्त्यावर ड्रोन घेतला. आता हिलालला झोप येईना. मी म्हटलं, आधी त्याच्याने काय होतं ते बघू, मग बोलू.

गोडादऱ्याच्याच मैदानात लग्न. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चालू, लोकांच्या मुठीत अक्षता. सुकलालने तेवढ्यात ड्रोन मांडवावर आणला. घूं घूं घूं! सगळे माना वर करून बघायला लागले. भटजीसुद्धा! तो वर बघतच 'शुभमंगल सावधान' म्हणाला आणि लोकांनी वर बघतच अक्षता फेकल्या. सगळ्या ड्रोनवर! जे तांदूळ त्याच्यापर्यंत पोचले ते पंख्याच्या वाऱ्याने उडून बँडवाल्यांच्या अंगावर.

नवरा-नवरी कोरडेच उभे.

माझ्या शेजारी नवरीची आजी बसलेली. तिने ड्रोनला हात जोडले आणि मला विचारलं, "हाऊ कोनता देव शे, माय?"

मी म्हटलं, "हप्त्याचा."

*

मग मी ठरवलं, रोग्याशी भांडून उपयोग नाही, जिथून रोग येतो तिथे जायचं. कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. मालक गुजराती, गोड माणूस. मी उभ्या उभ्याच सुनावलं, "भाई, माझ्या माणसाला इथून काही द्यायचं नाही. आमच्या डोक्यावर पत्रा आहे आणि तुमच्या दुकानात एसी आमच्या जिवावर चालतो!"

तो म्हणाला, "बेन, तमे बेसो तो खरा." खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. लिंबू शरबत मागवलं. मग विचारलं, तुम्ही काय काम करता? मी टिकल्यांचं सांगितलं. डोळ्यांना त्रास होत असेल, म्हणाला. होतो ना, म्हटलं. कोणी आजवर विचारलंच नव्हतं.

त्याने एक गोल लाइट काढली, टेबलावर ठेवली, चालू केली. माझा हात खाली धरला. हातावरची बारीक लव दिसायला लागली!

घरी येताना मी काय बोलायला गेले होते आणि काय घेऊन आले, माझं मलाच समजेना. दारात हिलाल. त्याने लाइटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी भांडायच्या तयारीतच होते.

तो एवढंच म्हणाला, "खोकं कुठाय? फेकू नको हां."

*

आता स्लॅबचं सांगते.

गेल्या श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशची देवी, बसली. तिच्या रोटाच्या जेवणाला सगळे भाऊबंद जमले. पत्र्याखाली एवढी माणसं, आणि चुलीची धग. हिलालचे मोठे काका घामाने निथळत म्हणाले, "हिलाल, पुढच्या वर्षी मी काही येत नाही. कानबाईला तरी इथे कशी बसवतोस?" भर भाऊबंदांत माणसाचं तोंड उतरलं. मीच त्याचा हात धरला, कानबाईपुढे उभं केलं. म्हटलं, "घ्या शपथ."

घेतली. मोठ्याने. स्लॅब भरून खालचं सेंट्रिंग, म्हणजे फळ्या-टेकू, निघत नाही तोवर दुकानाची पायरी चढणार नाही.

मला वाटलं, आठ दिवस टिकेल. पण माणूस बदललाच! दिवाळी झाली तशी स्वतः जाऊन मिस्त्री ठरवला. सळई आली, रेती आली. पूर्वी कॅमेऱ्याच्या दुकानात जसा बसायचा तसा मिस्त्रीजवळ बसायला लागला. मिस्त्रीने कधी घाई करणारा मालक बघितला नव्हता, सगळे पैशासाठी लांबवतात. शेजारणी म्हणायला लागल्या, "कमलताई, तुझा माणूस कसा सुधरला गं!" मी हसायचे. मला ठाऊक होतं, स्लॅबची नाही, दुकानाची ओढ आहे. असू दे. डोक्यावर छप्पर तर येतंय.

स्लॅब भरला. नारळ फोडला, कामगारांना जेवू घातलं. मिस्त्री म्हणाला, आता सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, जितकं पाणी पिईल तितका पक्का होईल. सेंट्रिंग मी सांगेन तेव्हाच निघेल.

जुन्या पाइपने पाणी हिलालच मारायचा. मला शिडी चढू देईना. वर सिमेंटची छोटी आळी केली होती, त्यांत पाणी भरून ठेवायचा. कामावरून आला की आधी वर. लग्नातून मधूनच पळून येऊन पाणी मारून गेला. कुठला कोपरा लवकर सुकतो, कुठल्याला ऊन जास्त लागतं, जेवताना हेच बोलायचा. एकदा म्हणाला, "ओला स्लॅब संध्याकाळी काय दिसतो, कमल!" मी म्हटलं, "फोटो काढा मग." म्हणाला, "नको. नुसताच बघतो."

सेंट्रिंग निघालं. खालून बघितलं तर वर छत! गुळगुळीत, गार. मी जमिनीवर आडवीच झाले, बराच वेळ बघत राहिले. रडले असेन, कोणी बघितलं नाही. मिस्त्री म्हणाला, पाणी मारायचं आता बंद केलं तरी चालेल, काम संपलं.

शपथही संपली. माणूस शब्दाला जागला, मग मीही जागायला हवं. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "जा. जे घ्यायचं ते घेऊन या. मी एक शब्द बोलणार नाही."

हिलालने नवा शर्ट घातला. सुकलालला घेतलं. दोघं पोरांसारखे गेले.

संध्याकाळ झाली तेव्हा आले. हिलालच्या हातात मोठं खोकं. मी ओठ दाबून बसले, बोलायचं नाही असं कबूल केलेलं. त्याने खोकं जमिनीवर ठेवलं, हळूच उघडलं. प्लास्टिक काढलं. आतून निघाला हिरवा रबरी पाइप. पुढे पितळेची तोटी.

मी बघतच राहिले. "हे काय?"

"पाणी मारायचा पाइप. याच्या तोटीला सात प्रकारचे फवारे आहेत. जुन्यात एकच होता!"

"आणि लेन्स?"

"हा बघ ना, हा एकदम बारीक, धुक्यासारखा. आणि असं फिरवलं की पावसासारखा."

"अहो, पण मिस्त्री म्हणाला ना, पाणी मारायचं संपलं! आता काय भिजवणार?"

तो तोटी फिरवून बघत होता. त्याने ऐकलंच नाही.

मी दाराकडे बघितलं, सुकलालला विचारावं म्हणून. सुकलाल उंबऱ्याशीच उभा होता. त्याच्याही काखेत तसंच खोकं.

आणि सुकलालच्या घराला तर अजून पत्रा आहे!