फुललं म्हणजे बिघडलं

माझं लग्न मुदखेडच्या मोगऱ्याच्या मळ्यात ठरलं तेव्हा लातूरच्या सगळ्या मैत्रिणींनी माझा हेवा केला. माझ्या वडिलांचं डाळीचं दुकान. आमच्या घरातल्या बायकांच्या केसांना वास यायचा तो तुरीच्या भुशाचा. त्यामुळे फुलं पिकवणाऱ्या घरात पडल्यावर नवरा रोज संध्याकाळी आपल्या हातानं गजरा माळणार, असं मी एकटीनंच ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला हे कोणी कळवलं नव्हतं.

पहिल्याच चैत्रात समजलं की आमच्या मळ्यात मोगरा फुलत नाही. फुलूच देत नाहीत. कळी टपोरी, पांढरी आणि तोंड मिटलेली असतानाच पहाटे तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि सकाळच्या गाडीनं हैदराबादला लावून द्यायची. ती उमलणार संध्याकाळी, तिकडं, कोण्या अनोळखी बाईच्या केसात. एखादी चुकून झाडावरच उमलली तर सासरे ती चिमटीत धरून सासूबाईंना दाखवायचे, पोराच्या खिशात बिडी सापडावी तशी. "फुललं म्हंजे बिघडलं," एवढंच म्हणायचे.

मी एकदा धीर करून सासूबाईंना विचारलं, वाटीभर कळ्या घरात ठेवून घेऊ का. त्या म्हणाल्या, दुकानदारानं आपल्याच दुकानातला गूळ चाटायचा नसतो. मी दुकानदाराचीच लेक. आमच्या दुकानातली डाळ आम्ही रोज शिजवून खात होतो. पण नव्या सुनेनं असलं बोलायचं नसतं, म्हणून गिळलं.

नवऱ्याला सुचवावं, तर हा माणूस मोगऱ्याबद्दल फक्त किलोत बोलायचा. एकदा आम्ही मोटारसायकलवर भोकरला त्याच्या मावशीकडं निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पळस फुललेला. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं, उघडीवाघडी. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, बघा ना. त्यानं गाडी हळू केली, नीट बघितलं आणि विचारलं, "ह्याला गिऱ्हाईक कोन हाय?"

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, कुठंही जा, पळसाला पानं तीनच. आपल्या लोकांनी पळसाची पानं तेवढी मोजून ठेवली. फुलांकडं बघायला कोणाला सवड झाली नसावी.

गजऱ्याचा हट्ट मी तोंडानं सोडला, मनातनं नाही. तोडणीनं बोटांना मोगऱ्याचा वास लागायचा, त्याच हातांनी मी भाकरी थापायची आणि नवरा जेवताना म्हणायचा, भाकरीला कसला तरी वास येतोय. तेवढाच आमचा शृंगार.

मग धाकट्या नणंदेचं लग्न निघालं, तेही ऐन हंगामात. सासऱ्यांनी हौसेनं सगळ्या गल्लीला चूलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटवायची नाही, लहानथोरांनी सगळ्यांनी आमच्याकडंच जेवायचं. ते स्वतः दारोदार फिरले. आमच्या तोडणीच्या बायकाही त्याच गल्लीतल्या. हे सासऱ्यांच्या ध्यानात आलं ते लग्नाच्या दिवशी पहाटे, मळ्यात एकही बाई दिसेना तेव्हा.

ते तसेच गल्लीत गेले, मागोमाग मीही गेले. बायका न्हाऊन, नव्या साड्या नेसून ओट्यावर बसलेल्या. सासऱ्यांनी आधी दटावलं, मग विनवलं. त्यांच्यातली थोरली बाई शांतपणे म्हणाली, "मालक, चूलबंद आवतन हाय आमाला. आज आमी पावनं हाव. पावन्याला कुनी तोडनीला लावतंय व्हय?"

सासरे तसेच मळ्याकडं वळले. घरातली माणसं लग्नाच्या धांदलीत अडकलेली. त्यांनी एकट्यानंच एक ओळ तोडायला घेतली, तोवर वऱ्हाड आल्याचा निरोप आला आणि डोक्याला फेटा बांधून ते मांडवात उभे राहिले.

मांडवाची सजावट नांदेडहून आणलेली. झेंडू, गुलाब, मोगरा, सगळं प्लास्टिकचं. नवरीच्या अंबाड्यावरचा गजराही प्लास्टिकचाच, कारण तो सुकत नाही. व्याह्यांनी कौतुकानं विचारलं, घरचाच मोगरा का. सासऱ्यांनी त्यांना पंगतीला बसवून दिलं.

लग्न रिवाजाप्रमाणे मुहूर्त टळल्यावर लागलं. पंगती उठता उठता ऊन उतरलं आणि मळ्याकडून वारा सुटला. मांडवात तोवर वरणाचा, घामाचा आणि जनरेटरच्या धुराचा वास होता. तो सगळा बाजूला सरला. बोलणारी माणसं बोलता बोलता थांबली. नवरदेवाच्या चुलत्यांनी आपल्या बायकोकडं असं काही बघितलं, की त्या पोक्त बाईनं पदर सावरला. इंद्रियं आवरण्यावर तास तास बोलणारे आमच्या गावचे बुवा डोळे मिटून बसले होते, हातातला विडा हातातच.

थोड्या वेळानं शेजारी सासऱ्यांना भेटायला येऊ लागले. खालच्या आवाजात, मयताला येतात तसे. "लई वाईट झालं. सगळंच फुललं म्हनं?" सासरे नुसती मान हलवायचे. आलेला माणूस जवळ बसायचा, चार लांब श्वास घ्यायचा आणि उठायचं नाव काढायचा नाही. सांत्वनाला इतकं मन लावून बसलेली माणसं मी दुसरीकडं बघितली नाहीत.

नणंदेची पाठवणी झाली. रडून झालं, गाडी गेली. मी मांडवामागं भांडी गोळा करत होते, तिथं नवरा आला. पायाला मळ्यातला चिखल, एक हात पाठीमागं. इकडंतिकडं बघून त्यानं तो हात पुढं केला. हातात मोगरा होता. पुरता उमललेला, पाकळ्या सैल पडलेल्या, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवलेला. जन्म फुलांत गेला, पण ओवायची वेळ या माणसावर कधी आली नव्हती. इतक्या गाठी मारलेल्या, की गजऱ्यापेक्षा ते दावंच दिसत होतं.

"हे काय करायलात तुम्ही?" मी विचारलं.

"फुललेला हाय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "आता कोनी घेत न्हाई."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते बाजारानं नाकारल्यावर माझ्यापर्यंत आलं होतं. मला संताप यायला हवा होता. मी पाठ वळवून उभी राहिले. त्याला माळता येईना. मानेवर त्याची बोटं चुकत होती, थांबत होती. मला रडू फुटलं. तो घाबरला, पिन टोचली का म्हणाला. मी हो म्हटलं.

दुसऱ्या पहाटे आवतन संपलेलं होतं. बायका आल्या, वाळून तांबूस पडलेली फुलं खाली झाडली आणि नव्या कळ्या खुडायला लागल्या. मळा पुन्हा शिस्तीला लागला. पण तेव्हापासून विहिरीजवळचं एक झाड तोडणीत राहून जातं. नवरा म्हणतो, ध्यानात राहत नाही. ओळीतली एक चुकलेली कळी सासऱ्यांना बांधावरून दिसते, हे भरलेलं झाड मात्र दिसत नाही. सासूबाईंच्या मते त्यांना मोतीबिंदू झाला असावा. असं म्हणताना त्या डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतात, पण वास काही पदराखाली राहत नाही.