फाटकापर्यंत चालत आलेला माणूस

फीडर ट्रिप होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. माझा हात ब्रेकरच्या स्विचवर होता. तेवढ्यात फाटकाची साखळी वाजली.

फीडर म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे जाणारी विजेची लाईन. लाईनवर कुठे बिघाड झाला की ब्रेकर आपोआप उघडतो आणि लाईन बंद पडते. याला आम्ही ट्रिप म्हणतो. मग पंधरा-वीस मिनिटं थांबून ती एकदा चालू करून बघायची. राहिली तर राहिली. पुन्हा पडली तर लाईनमनला बिघाड शोधायला पाठवायचं. ही झाली ट्रायल. मी तलासरीजवळच्या एका सबस्टेशनात ऑपरेटर होतो. नोकरीला सात महिने झाले होते, अजून प्रोबेशनवरच होतो. ट्रायल घेणं मला जेवणाआधी हात धुण्याइतकं सवयीचं झालं होतं.

२०१९चा जानेवारी होता. तेव्हा आमच्याकडे जमीन सारखी हलायची. लोक घराबाहेर तंबू ठोकून राहत होते. यार्डातली खडी आधी हलकेच कुरकुरायची, मग खिडकीची काच वाजायची आणि मग सगळं असं शांत व्हायचं की आपल्याला नुसता भास झाला असं वाटावं. त्या दिवसांत लाईन गेली की जो तो एकच कारण सांगायचा. धरणी हलली, तारा एकमेकींना लागल्या. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. त्या दुपारीही दोनच्या सुमाराला खडी कुरकुरली होती. त्यानंतर थोड्याच वेळात फीडर पडला.

दुपार अगदी निवांत होती. कापलेल्या गवताचा वास हवेत भरून राहिला होता. थंडीत आमच्या पट्ट्यातलं माळावरचं गवत कापून ट्रकांनी वखारीत जातं आणि तिथून गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे. त्याची बारीक कुसळं उन्हात तरंगत यायची आणि पॅनेलच्या काचांवर बसायची. मोठा ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा घुमत होता. त्या आवाजाची एवढी सवय होते की तो थांबला तरच कानांना जाणवतो. मी एकटाच होतो. जोडीदाराची सुट्टी होती.

आधी फोन वाजला. बर्फाच्या कारखान्याचे शेठ होते.

“शुं थयुं, काय झालं साहेब? माझा बरफ पानी होऊन जाईल हां!”

“पाच मिनिटं, शेठ.”

“तुमची पाच मिनट मला माहीत आहे!”

पाठोपाठ आमच्या म्हात्रे साहेबांचा फोन आला. ते सेक्शनचे इंजिनिअर, दहा किलोमीटरवरच्या ऑफिसात बसत.

“काय रे, घेतलास का फीडर?”

“घेतोय, सर. फक्त फ्लॅग अर्थ फॉल्टचा पडलाय.”

ब्रेकर का उघडला हे सांगायला पॅनेलवर एक छोटी खूण पडते, ती फ्लॅग. तारांना तारा लागल्या तर एक खूण पडते. वीज जमिनीत उतरली तर दुसरी. मला दुसरी दिसत होती. तारा झोके घेऊन एकमेकींना लागल्या असतील तर वीज जमिनीत कशाला उतरेल, एवढंच माझ्या मनात आलं होतं.

“झाडाची फांदी लागली असेल. सगळंच हलतंय, तारच कशी स्थिर राहील? घे ट्रायल.”

म्हणून मी स्विचपाशी उभा होतो. साखळी पुन्हा वाजली. मी खिडकीतून पाहिलं.

फाटकाबाहेर चाळिशीचा एक माणूस उभा होता. उघडं अंग, खाली हाफ पँट, अंगाला गवत चिकटलेलं. उजवा हात पंच्यात गुंडाळून पोटाशी धरलेला. एका पायात चप्पल होती. तो जोराने हाका मारत नव्हता. साखळी थोडी हलवायचा, थांबायचा, पुन्हा हलवायचा, जणू आपण कुणाच्या दारात आलोय हे आठवत असावा.

मी बाहेर गेलो, पण फाटकापासून चार हात लांब थांबलो.

“काय झालं?”

“पडलो.”

“कुठून?”

त्याने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

“वरून,” तो म्हणाला. “पाणी दे, भाऊ.”

आता माझी अडचण सांगतो. महिनाभरापूर्वी दुसऱ्या एका सबस्टेशनात असाच एक जखमी माणूस पाणी मागत आला होता. ऑपरेटरने फाटक उघडलं. मागून आणखी चौघे आले, त्याला बांधून ठेवलं आणि तांब्याच्या पट्ट्या काढून नेल्या. त्यानंतर सर्क्युलर निघालं. कोणत्याही कारणाने बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली ते लावलेलं होतं, त्यावर माझी सही होती.

मी आत येऊन साहेबांना फोन केला.

“सर, गेटवर एक माणूस आलाय. लागलंय त्याला. बोलणं असंबद्ध आहे.”

“ताडी प्यायला असेल. दुपारी तेच चालतं तिकडे. गेट उघडायचं नाही, समजलं? एकशे आठला फोन कर. आणि फीडर घे आधी, शेठ माझं डोकं खातोय.”

एकशे आठ म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्स. मी फोन केला. गाडी दुसऱ्या केसवर होती, पाऊण तास लागेल म्हणाले.

पॅनेलच्या खोलीच्या एका दारातून फाटक दिसायचं आणि समोर स्विच. मी मध्ये उभा होतो. हा माणूस खरंच पडलेला असेल आणि मी दार लावून बसलो तर? आणि खोटा असेल तर? माझे वडील चिखले गावात दुसऱ्याच्या वाडीत चिकू उतरवायचे. एकदा फांदीवरून पडून ते रस्त्याकडेच्या एका बंगल्याच्या फाटकाशी तासभर बसून राहिले होते. फाटक कुणी उघडलं नाही. घरी ही गोष्ट ते हसत सांगायचे. पण मला शिकवायचं, पंख्याखालची नोकरी मिळवून द्यायची, हे त्यांनी त्याच वर्षी मनावर घेतलं. ती नोकरी मला मिळाली होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ती नोकरी घालवायचीही माझी तयारी नव्हती.

मी अर्धाच मार्ग काढला. फाटक न उघडता गजांतून पाण्याची बाटली दिली.

त्याने डावा हात पुढे केला. बाटली धरताना पंचा सुटला आणि त्याचा उजवा तळवा मला दिसला. रक्त नव्हतं. मधोमध रुपयाएवढा पांढुरका खड्डा आणि त्याची कड काळी. मी खाली पाहिलं. अनवाणी पायाच्या टाचेवर तसाच दुसरा खड्डा होता.

कॉलेजात आमच्या सरांनी हे फोटो दाखवले होते. वीज अंगात एका ठिकाणाहून शिरते आणि दुसरीकडून जमिनीत उतरते. दोन्ही ठिकाणी अशी खूण राहते. अकरा हजार व्होल्टच्या फटक्यातून वाचलेला माणूस वरून धड दिसतो, चालतो, पाणी मागतो. आतून काय झालंय ते नंतर कळतं. डोकं गोंधळतं. हृदय कधीही दगा देऊ शकतं.

माझा अर्थ फॉल्ट फाटकाबाहेर उभा होता.

मी कुलूप काढलं. मागे कुणी आहे का हे बघायचंही सुचलं नाही. त्याला खांद्याला धरून आत आणलं आणि पॅनेलच्या खोलीत सतरंजीवर आडवं केलं. नाडी पाहिली. धावत होती, मध्येच अडखळत होती.

“नाव काय तुझं?”

“लहानू.”

“तारेला कुठे लागलास, लहानू?”

त्याने मान वळवून पॅनेलकडे पाहिलं. मग म्हणाला, “लाईट आली?”

“नाही अजून.”

“नको आणू.”

माझ्या सगळ्या नोकरीत लाईट आणू नको म्हणणारा हा पहिलाच माणूस.

“का नको?”

“ती वर बसलीय.”

“कोण? कुठे वर?”

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. काहीतरी शोधत होता आणि ते सापडत नव्हतं. मी फोनकडे जायला उठलो तसा त्याने माझ्या पँटचा पाय पकडला. मी पॅनेलकडे नुसतं पाहिलं तरी तो धडपडून उठायचा.

मी त्याच्यासमोर ब्रेकर बाहेर काढला. आमचा ब्रेकर चाकांच्या गाडीवर असतो. लोखंडी हँडल फिरवून तो मागे ओढला की लाईन चालूच होऊ शकत नाही. तो पुन्हा आत ढकलायलाही तेच हँडल लागतं. मी ते त्याच्या डाव्या हातात दिलं.

“हे तुझ्याकडे ठेव. तू देईपर्यंत लाईट येणार नाही.”

हे नियमात बसत नव्हतं. पण त्याने ते हँडल छातीशी धरलं आणि त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. बाहेर पुन्हा खडी कुरकुरली. काच वाजली. आम्ही दोघं छताकडे बघत राहिलो. मला वाटलं, ही खोली एखाद्या होडीसारखी तरंगतेय.

मग तो नीट बोलला.

“ट्रक. गवताचा. वडाच्या वळणावर. बायका वर आहेत, तार खाली आली.”

फोन वाजला.

“अरे, फीडर?” म्हात्रे साहेब ओरडले.

“सर, ब्रेकर बाहेर काढलाय. लाईनखाली गवताचा ट्रक आहे, वर माणसं आहेत.”

“कोण म्हणतं?”

“तो गेटवरचा माणूस.”

“तो दारुडा? आत घेतलास त्याला?”

“हो, सर. दारू नाही प्यायलेला. शॉक लागलाय. हात बघितला मी.”

“तू प्रोबेशनवर आहेस, हे लक्षात आहे ना?”

“हो, सर.”

“रमणला पाठव,” ते म्हणाले. “आणि तो सांगेपर्यंत हात लावू नकोस कशाला.”

रमणभाऊ आमचे जुने लाईनमन. मी त्यांना वळण सांगितलं. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमी मोठा, तेव्हा मात्र कुजबुजल्यासारखा.

“भाऊ, फीडर बंद आहे ना? पक्का?”

“बाहेर काढलाय.”

“मग ऐक. तीन बाया आहेत गवतावर. तार त्यांच्या पुढ्यात गवतात रुतलीय, हातभर अंतरावर. ड्रायव्हर पळाला. बाया हलत नाहीत, बोलत नाहीत. मुरत्या ठेवल्यासारख्या बसल्यात.”

मग सगळं उलगडलं. आमच्याकडे गवताचा ट्रक इतका उंच भरतात की वाटेतल्या तारा आड येतात. म्हणून भाऱ्यावर एक माणूस बांबू घेऊन उभा राहतो. तार आली की बांबूने उचलायची, ट्रक खालून काढायचा. सगळे हेच करतात. घरगुती लाईनच्या तारा असतात तोवर आणि बांबू खडखडीत वाळलेला असतो तोवर निभावतं. लहानूचा नेहमीचा बांबू आदल्या दिवशी मोडला होता. त्या सकाळी त्याने नवा तोडला, ओलाच. आणि वळणावरची तार आमची होती, अकरा हजारांची. फटका बसून तो खाली फेकला गेला आणि तार खांबावरून सुटून भाऱ्यावर आली.

रमणभाऊंनी लाईन जमिनीला जोडून घेतली, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती थेट जमिनीत जावी. मग तार काठीने बाजूला केली आणि बायकांना एकेक करून उतरवलं. त्यातली सोनी लहानूची बायको. रमणभाऊंनी तिला विचारलं, इतका वेळ उतरायचा प्रयत्न का नाही केला?

“तो म्हणाला, हलू नका, मी लाईटवाल्याला सांगून येतो,” ती म्हणाली. “मग कशाला हलायचं?”

पाऊण किलोमीटर तो जळक्या टाचेवर चालला होता. पोचेपर्यंत काय सांगायचं ते विसरला. काहीतरी सांगायचंय, एवढंच राहिलं.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हँडल सोडायला तो तयार नव्हता. रमणभाऊंनी फोनवर सोनीचा आवाज ऐकवला. “उतरली मी,” ती म्हणाली. तेव्हा त्याने ते माझ्या हातात दिलं. त्याला हद्दीपलीकडे गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

फीडर संध्याकाळी पाच वाजता चालू झाला. शेठचा बर्फ थोडा पाणी झाला, त्याचं त्यांनी महिनाभर ऐकवलं.

मला मेमो मिळाला. बाहेरचा माणूस आत घेतला आणि ब्रेकरचं हँडल त्याच्या ताब्यात दिलं, खुलासा करा. दोन्ही खरं होतं, मी तसंच लिहून दिलं. लेखी ताकीद मिळाली. प्रोबेशन मात्र वेळेवर संपलं. म्हात्रे साहेबांनी त्यावर सही करताना वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी फ्लॅगचं मला दोनदा सांग.”

ते सर्क्युलर अजून लागू आहे आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. नव्या ऑपरेटरला फाटक उघड असं मी कधी सांगत नाही. फाटकापर्यंत जा आणि त्या माणसाचे हात बघ, एवढं सांगतो. लाईनवर काय झालंय हे ज्याला ठाऊक असतं तो बहुधा फोन करत नाही. चालत येतो आणि त्याला वेळ लागतो.