कुंकवाचं बोट

सरकारी दवाखान्याच्या मागच्या नळावर शोभाताई एक कोरा करकरीत फ्रॉक घासत होत्या. अत्याचार झालेल्या बायका-मुलींसाठी तिथे मदत केंद्र आहे, त्या तिथेच काम करतात. अंगावरचे कपडे पोलीस पुरावा म्हणून ठेवून घेतात. मग घरी जाताना घालायला म्हणून आमच्या वस्तीतल्या बायका नवे कपडे शिवून देतात. तेच द्यायला मी गेले होते.

"नवाच आहे की, धुता कशाला?" मी विचारलं.

त्यांनी फ्रॉकचा कोपरा दाखवला. शिवणारीने सवयीने कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

"लाल डाग दिसला की मुली अंगाला लावू देत नाहीत," त्या म्हणाल्या.

नवं कापड तसंच घालू नये, एवढीच त्या बोटाची माया. वाढदिवस, दिवाळी, लग्न, एवढंच त्याला ठाऊक. असल्या दिवशीही नवे कपडे घालावे लागतात, हे त्याला कुणी सांगावं?

डाग फिका झाला, गेला नाही. फ्रॉक जेमतेम दोन-अडीच वितींचा होता.

"उन्हात टाकू?"

"नको," त्या पिळत म्हणाल्या, "इस्त्रीच फिरवते. ती आत चादर गुंडाळून बसलीय."