पेटीतला वास

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही.

मी मालवणचा सुतार. घराणं होड्या बांधणारं, पण मी घरातली कामंही करतो. दोन हजार सालच्या सुमाराला शेजारच्या शांताकाकींनी घड्याळाच्या कामाला बोलावलं. काका बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते वेल्सच्या कुठल्याशा बंदरातून आणलेलं. माणसाहून उंच, जुनं, सगळी पेटी ओकच्या लाकडाची. एक खिळा नाही हो त्यात — नुसत्या लाकडी खुंट्या, आणि फळ्या खोबणीत अशा सैल बसवलेल्या की पावसाळ्यात फुगल्या तरी तडकू नयेत. मी स्वतःच्या कामाची घमेंड असलेला माणूस, पण त्या पेटीला हात जोडले.

एक खुंटी निसटली होती, तेवढीच बसवायची. काकी म्हणाल्या, "भायरसून काय ता कर. आत हात लावू नको हां."

कारण मला माहीत होतं. काका तंबाखूचा डबा त्या पेटीतच ठेवायचे. ते गेले, पण वास लाकडात राहिला. दर रविवारी चावी देताना काकी दार उघडून क्षणभर आत तोंड घालायच्या.

मग मी हात का लावला? सवय, दुसरं काय. तळाशी वाळवीची माती दिसली, आणि होडीला लावतात तसं काजूच्या टरफलांचं तेल आतून फासून मोकळा झालो. वर वाटलं, भलंच केलं!

रविवारी मी तिथेच होतो. काकींनी तोंड आत घातलं आणि लगेच मागे घेतलं. "काय लायलंस रे आत? काजीच्या तेलाचो वास येता."

खरं बोलायला काय जात होतं? पण सुतार म्हणून नाव होतं ना माझं — म्हणालो, "काय एक लावूक नाय, काकी. भास झालो तुमका. नाकाचाव वय झाला आता."

त्यांना ते पटलं. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

या बाईने बांगड्याचा कल्ला उचलून वास घेतला की मासेवाल्या शिळी टोपली मागे ओढायच्या. त्या रविवारनंतर काकी टोपली सुनेपुढे सरकवू लागल्या, "तूच बघ गो. माझ्या नाकार भरवसो नाय." मी बाजूलाच मासे घेत उभा असायचो. पुढे त्यांनी बाजारात येणंच सोडलं. काय जायचं होतं एक वाक्य बोलायला? नाही बोललो.

काही वर्षांनी काकी गेल्या. बाराव्याला सून म्हणाली, "सासूबायक शेवटाक कसलोच वास कळा नाय."

मी म्हणालो, "वय झाला, दुसरा काय."