पाटोद्याचे दोन अध्यक्ष आणि जगाचं एकत्रीकरण

शिक्षक संघटनेत वीस वर्षं काढली की माणसाकडं दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. इतिवृत्ताची वही मागा, सापडणार नाही. किस्सा मागा, चहा यायच्या आत तीन निघतील. हे आमच्या पाटोदा तालुक्यातले. मीठमसाला माझा, बाकी देवाशपथ खरं.

*

आमच्याकडं संघटना दोन. एकीचे अध्यक्ष घुले सर, दुसरीचे सानप सर. कार्यालयं एकाच व्हरांड्यात, मधली भिंतसुद्धा एकच. भांडण मात्र तत्त्वाचं. घुले सर म्हणायचे, "आपण कामगार. मोर्चा काढायचा." सानप सर म्हणायचे, "आपण गुरुजी. गुरुजी घोषणा देत न्हाईत."

एकदा घुले सरांनी कुठल्याशा पुस्तिकेत जागतिक शिक्षक महासंघांचा इतिहास वाचला आणि थेट माझ्या वर्गावर आले.

"जगातबी दोन मोठे गट व्हते की! एक म्हणायचा कामगार, दुसरा म्हणायचा गुरुजी. आपलं भांडण पार युरोपात पोचलं व्हतं."

"सर, आधी त्यांचं झालं असंल."

"कावून? पाटोदा काय मागं हाय?"

*

निवेदनाखाली 'प्रत माहितीस्तव' लिहायची घुले सरांना लई हौस. शाळेच्या नळाची तोटी गळत होती. निवेदन ग्रामपंचायतीला, प्रत तहसीलदारांना, आमदारांना आणि पुस्तिकेत पत्ता सापडला म्हणून युरोपातल्या जागतिक महासंघाला.

दीड महिन्यानं परदेशी तिकिटांचं पाकीट आलं. आत दोनच ओळी : जगभरातले शिक्षक तुमच्या लढ्यासोबत आहेत.

घुले सरांनी ते नेऊन सरपंचांपुढं ठेवलं. सरपंचांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. दुपारी प्लंबर हजर. सरपंच त्याला म्हणाले, "बाहेरची माणसं यायच्या आत बसव बाबा ती तोटी."

*

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण सरांनी उशिरा वाचलं. ते दोन्ही जागतिक गट पुढं एकत्र आले होते, तेही पाटोद्याला न विचारता! सर गहिवरले. आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या कार्यालयात गेले.

"सानप सर, जग एक झालं. आपणबी होऊ."

सानप सरांनी चष्मा पुसला. "होऊ की. अध्यक्ष कोण?"

घुले सर तसेच परत आले.

*

मग आमच्याच शाळेतल्या शेळके बाईंची बदली झाली. वर्गात पुढाऱ्याचा वाढदिवस करू दिला नाही, म्हणून शाळेचं वर्ष अर्ध्यावर असतानाच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पार दिंद्रुडच्या पलीकडं. इकडं घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, शाळेत चौथीचा वर्ग वाऱ्यावर.

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "दोन संघटनांची दोन निवेदनं घेणार नाही. एकच आणा, उद्या बारापर्यंत."

दुसऱ्या दिवशी आम्ही बीडला गेलो. निवेदन तयार होतं, पण कँटीनमध्ये सह्यांपाशी घोडं अडलं. "पहिली सही माझी," दोघंही अध्यक्ष म्हणत होते. साडेअकरा वाजले.

बाईंनी चहाची बशी कागदावर, मजकुराच्या खाली, पालथी घातली आणि पेन्सिलीनं गोल काढला.

"कडेकडेनं करा सह्या. गोलाला पहिला नंबर नसतो, चौथीच्या पोरांना कळतंय हे."

दोघांनी मुकाट सह्या केल्या. मागोमाग आम्ही सगळ्यांनी.

साहेबांनी कागद फिरवला, परत फिरवला, मान वाकडी केली. "बाई, ही नावं वाचायची कुठून?"

"कुठूनबी वाचा साहेब. बदली चुकीचीच हाय."

साहेबांना हसू फुटलं. गोलाच्या मधोमध त्यांनी 'आदेश रद्द' असा शिक्का मारला आणि एक प्रत आमच्या हातात दिली.

बाहेर येताच घुले सर म्हणाले, "शिक्का बघा, माझ्या नावाकडून सरळ वाचता येतो."

"कागद उलटा धरलाय तुमी," सानप सर म्हणाले.

बसस्टँडपर्यंत दोघं भांडत गेले. बाई मागून येत होत्या.

सोमवारी व्हरांड्यात तिसरी पाटी लागली. अध्यक्ष : शेळके बाई. खाली पहिल्या दोन सभासदांची, म्हणजे आमच्या दोन्ही अध्यक्षांची, नावं होती, गोल लिहिलेली.