लोकरी कोटातला पाहुणा

भुताखेतांचं कोणी सांगायला लागलं की मी म्हणायचे, आधी बीपी तपासून घ्या! पंधरा वर्षं नर्स आहे... माणसं जाताना पाहिलीत, परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय.

मी रत्नागिरीची. दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनला समुद्राजवळच्या एका व्हिलात होम नर्स होते. पेशंट सत्त्याऐंशी वर्षांच्या डच बाई, मुलगा तिकडेच इंजिनिअर. बाईंचे वडील सैनिक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश घेतला तेव्हा दोन वर्षांच्या लेकीला मागे ठेवून ते इंग्लंडला निसटले. तिथे अशाच देशोधडीला लागलेल्या डच सैनिकांची तुकडी उभी राहिली आणि लढत लढत मायदेशी परतली. परेड बघायला सात वर्षांची मुलगी आईबरोबर रस्त्यावर उभी होती. वडील समोरून गेले — मानसुद्धा वळवली नाही. इंग्लंडात दुसरा संसार थाटला होता ना! घरी ते कधी आलेच नाहीत.

ऑगस्टमधली दुपार, अडीच वाजलेले. बाई झोपल्या होत्या. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर तिशीतला गोरा माणूस. अंगात जाड लोकरी लष्करी कोट... आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. "मीप्ये?" एवढंच म्हणाला. मला वाटलं, मुलाच्या क्लबातल्या नाटकाबिटकातला कोणी असेल. पेशंटची झोप मोडायची नाही हा माझा नियम, मुलगा आला तरी मी ऐकत नाही. म्हटलं, "मॅडम स्लीपिंग. कम आफ्टर फाइव्ह, प्लीज." त्याने मान डोलावली आणि गेला.

बाई उठल्यावर सांगितलं तर त्या पांढऱ्याफटक पडल्या. मीप्ये म्हणून त्यांना फक्त वडील हाक मारायचे, असं आईने सांगितलेलं. मुलालाही ते माहीत नव्हतं.

"सॉरी म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बरं केलंस हाकललंस."

आणि पाचच मिनिटांनी, "माझे केस विंचर. तो निळा फ्रॉक काढ."

पाचला व्हीलचेअर दारात लावली. साडेपाच... सहा... सूर्य बुडाला, मगरीबची अजान झाली. मुलाने येऊन दाराचा कॅमेरा तपासला — त्यात मी एकटीच बोलतेय.

तो कोण होता, मला आजही सांगता येत नाही. पण जन्मात एकदा त्या बाईच्या दारात बाप आला आणि मी त्याला वेळ देऊन परत पाठवलं! रडत माफी मागितली मी. बाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "रडू नकोस. भेटायचंच असतं, तर तो थांबला असता."